वॉटर कूलर लावलेला कॉम्प्युटर तापतोय: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं बंद प्रकारच्या लिक्विड कूलरसाठी आहेत. पंप, दोन नळ्या आणि रेडिएटर कारखान्यातूनच जोडून आणि भरून येतात, त्याला दुकानात एआयओ म्हणतात. स्वतः नळ्या जोडून केलेल्या कस्टम लूपचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

सीपीयू किती अंशांवर गेला म्हणजे काळजी करायची?

आधी तुमच्या सीपीयूची, म्हणजे प्रोसेसर चिपची मर्यादा बघा, कारण सगळ्यांची एकच नसते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप चिपची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे आणि कोअर अल्ट्रा २०० एसची १०५. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बहुतेकांची ९५ आहे, पण ७८००एक्स३डीची ८९. जुन्या ५८००एक्सची ९०.

रायझन ७००० च्या मोठ्या चिप पूर्ण लोडवर मुद्दामच ९५ पर्यंत जाऊ दिलेल्या आहेत. थंड करण्याची जेवढी ताकद मिळेल तेवढा वेग त्या वाढवत नेतात. अशी चिप सिनेबेंचमध्ये (चिपवर पूर्ण लोड टाकणारा टेस्ट प्रोग्राम) ९५ वर टेकली तर एवढ्यावरून कूलर खराब ठरत नाही. तीच चिप ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडल्यावर ८५ दाखवत असेल, तर मात्र नक्की काहीतरी बिघडलंय.

अगदी रिकामं बसलेलं असताना रायझनचा आकडा ४५ वरून ६० वर उडी मारून परत खाली येतो, हे नेहमीचं आहे. एखाद्या कोरने क्षणभर वेग घेतला की असं होतं. एका झटक्याकडे बघू नका, पाच मिनिटांची सरासरी बघा.

डिसेंबरात लोडवर ७० दाखवत होता, आता मे महिन्यात ८८. कूलर गेला का?

बहुधा नाही. रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, मग तो १२० मिलिमीटरचा असो की ३६०चा. माळव्यातल्या थंडीत रात्री खोली २० अंशांवर असते. नवतप्यात दुपारी गच्चीखालची खोली ३८ वर सहज जाते. हा १८ अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा सीपीयूच्या आकड्यात उतरतो.

म्हणून कुठलाही आकडा लिहून ठेवताना शेजारी खोलीचं तापमान लिहाच. साधा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या समोर, हवा जिथून आत जाते तिथे ठेवा, आणि सीपीयूच्या आकड्यातून तो आकडा वजा करा. डिसेंबरात ७० वजा २० म्हणजे ५०, मे महिन्यात ८८ वजा ३८ म्हणजे पुन्हा ५०. कूलर आपलं काम तेवढंच करतोय. हीच वजाबाकी गेल्या वर्षी ५० होती आणि आज ६२ येत असेल, तर ऋतू कुठलाही असो, दोष शोधायला हवा. आमच्या मते वॉटर कूलरच्या तपासणीत ही वजाबाकी सगळ्यात उपयोगाची आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच करत नाहीत.

दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

उष्णता चार टप्प्यांनी बाहेर पडते: चिपमधून पेस्टमार्गे तांब्याच्या प्लेटमध्ये, प्लेटमधून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरमार्गे कॅबिनेटच्या हवेत, आणि तिथून खोलीत. प्रत्येक टप्प्यावर अडलेली उष्णता वेगळ्या वेगाने आकडा चढवते. त्यामुळे घड्याळ लावून बघितलं की दोष आपोआप दिसतो.

एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडा, नुसता सेन्सरचा भाग चालू करा. कॉम्प्युटर दहा मिनिटं रिकामा ठेवा आणि आकडा लिहा. मग सिनेबेंच किंवा ओसीसीटीचा सीपीयू टेस्ट अर्धा तास चालवा. दहाव्या सेकंदाला, पाचव्या मिनिटाला आणि तिसाव्या मिनिटाला आकडा टिपा. लोड बंद केल्यावर दहा सेकंदांनी पुन्हा एकदा टिपा. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण लोड गेल्याबरोबर चिप पाण्याच्या तापमानाच्या काही अंश वर येऊन थांबते. ज्या कूलरमध्ये पाण्याचा सेन्सर नाही, तिथे पाण्याचा अंदाज यावरून येतो.

आता वाचायचं असं. रिकामा असताना आकडा ठीक, लोड दिल्याबरोबर एक-दोन सेकंदांत ९५, आणि लोड काढताच तितक्याच झटकन खाली: पाणी थंडच होतं, उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. पेस्ट, स्क्रूचा दाब किंवा चिपला मिळणारी जास्तीची वीज, या तिघांपैकी एक.

सुरुवात चांगली, पण वीस-पंचवीस मिनिटांत आकडा हळूहळू चढत जातो आणि लोड काढल्यावरही लवकर उतरत नाही: पाणी तापलंय, रेडिएटर ते थंड करू शकत नाही. धूळ, फॅन किंवा कॅबिनेटची हवा बघा. पाण्याचं तापमान दिसत असेल तर खोलीपेक्षा साधारण ८ ते १५ अंश जास्त असणं ठीक. २० च्या वर गेलं तर हवेचाच मार्ग कुठेतरी बंद आहे.

काहीच चालू नसताना, अगदी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) पडद्यावरसुद्धा आकडा ६०, ७०, ८० असा चढत राहतो: पंप बंद आहे, पाणी फिरत नाही किंवा प्लेट चिपला टेकलेलीच नाही. मशीन लगेच बंद करा.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी बघून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये काही न करता सीपीयू ५० टक्क्यांवर वापरात दिसत असेल, तर कूलरला दोष देऊ नका. पायरेटेड गेमसोबत आलेला मायनर (गुपचूप क्रिप्टो कमावणारा प्रोग्राम) पाठीमागे चालू असू शकतो.

एक नळी गरम आणि दुसरी थंड असायला हवी ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि चिप २०० वॉट टाकत असेल, तर प्लेटमधून जाताना पाणी जेमतेम तीन अंशांनी तापतं. प्रवाह अर्धा लिटर असला तरी सहा अंश. हाताला दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच कोमट लागायला हव्यात.

लोडवर एक नळी चटका बसेल इतकी गरम आणि दुसरी खोलीएवढी गार असेल, तर पाणी अडलंय. दोन्ही नळ्या गार, रेडिएटर गार आणि चिप मात्र ९५ वर असेल, तर उष्णता पाण्यात शिरलेलीच नाही.

पंप चालू आहे हे कसं कळेल?

बायोसमध्ये पंपाचे फेरे बघा. बहुतेक एआयओंमध्ये ते मिनिटाला २,००० ते ३,००० च्या घरात असतात. शून्य दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. काही पंप वीज साटा केबलने घेतात आणि फेरे फक्त यूएसबीवरून त्यांच्या सॉफ्टवेअरला सांगतात. पंपाच्या डोक्यावर बोट ठेवा, बारीक थरथर जाणवली पाहिजे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. फेरे बरोबर दिसले म्हणजे पाणी फिरतंयच असं नाही. प्लेटच्या आत केसाएवढ्या अरुंद फटी असतात. जुन्या कूलरमध्ये त्यात गाळ बसला की पंप फिरत राहतो आणि पाणी पुढे सरकत नाही.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक वायरची आहे. तीन किंवा चार पिनच्या वायरवर चालणारा पंप सीपीयू फॅनच्या पिनांवर जोडलेला असतो, आणि बायोस त्याला फॅन समजून मशीन थंड असताना ४० टक्क्यांवर चालवतं. मदरबोर्डवर एआयओ पंप नावाच्या पिना असतील तर त्यावर जोडा. नसतील तर आहेत त्याच पिनांचा वेग बायोसमध्ये कायम १०० टक्के करा. तीन पिनांचा पंप असेल तर डीसी मोड निवडून पूर्ण १२ व्होल्ट द्या. सीपीयू फॅनच्या पिना रिकाम्या राहिल्या तर चालू होताना एरर येते. तिथे रेडिएटरचा एक फॅन जोडला की ती थांबते.

पंपातून गुडगुड आवाज येतो. तो आणि तापमान यांचा संबंध आहे का?

आहे. एआयओ सीलबंद असला तरी नळ्यांच्या रबरातून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी झिरपून उडतं आणि त्याची जागा हवा घेते. हवा नेहमी लूपच्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची वरची टाकी असेल तर काही बिघडत नाही. ती जागा पंप असेल तर पंप कोरडा पडतो, आवाज येतो, तापमान चढतं आणि पंपाचं आयुष्य घटतं.

म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणं सगळ्यात चांगलं. पुढच्या बाजूला लावायचा तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं, आणि नळ्या पोहोचत असतील तर त्या खालच्या बाजूने निघाव्यात. तळाला रेडिएटर आणि वर पंप, अशी जोडणी करूच नका, दुकानदाराने कितीही सोयीची म्हटली तरी.

अडकलेली हवा काढायला पंप पूर्ण वेगावर ठेवा, मशीनवर लोड देऊ नका, आणि कॅबिनेट हळूहळू मागे-पुढे, डावी-उजवीकडे तीसएक अंश कलवा. दहा-पंधरा मिनिटांत आवाज थांबतो. पंधरा दिवसांत तो परत आला तर आतलं पाणी खरोखरच कमी झालंय.

पुढची जाळी दर महिन्याला धुतो, तरी रेडिएटर धुळीने भरलाय असं का म्हणतात?

कारण धूळ फॅन आणि रेडिएटरच्या मधल्या भागात साचते, आणि फॅन न काढता ती दिसतच नाही. बाहेरून पातळ पट्ट्या चकचकीत दिसतात, आतल्या बाजूला मात्र कापडासारखा थर असतो. राजवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांनी रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाल्यावर एकदा उघडून बघावंच. हवेत उडालेला गुलाल इतका बारीक असतो की तो जाळीतून आत जातो आणि दमटपणा आला की पट्ट्यांना चिकटून बसतो.

मशीन बंद करून प्लग काढा. फॅनचे चारही स्क्रू सोडवा. रेडिएटर बाहेर काढायची गरज नाही. आधी मऊ ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने, उभंच झाडा. मग ब्लोअरने हवा मारा, पण फॅन ज्या बाजूने हवा ढकलत होता त्याच्या उलट बाजूने, म्हणजे धूळ आली त्या वाटेनेच बाहेर पडते. फॅन साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने फॅन वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग खराब होतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरपासून लांब राहा. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि दाबाने पट्ट्या वाकतात.

परत लावताना दिशा तपासा. फॅनच्या ज्या बाजूला चार आडवे दांडे आणि मोटारीचं स्टिकर दिसतं, हवा त्या बाजूने बाहेर पडते. स्क्रू कूलरसोबत आलेलेच वापरा. लांब स्क्रू थेट पट्ट्यांमागच्या पाण्याच्या नळीत घुसतो, आणि मग काहीच करता येत नाही.

इंदूरसाठी वर्षातून दोनदा ही सफाई पुरे: उन्हाळा सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत.

पेस्ट कधी बदलायची आणि किती लावायची?

तीन-चार वर्षांनी, किंवा प्लेट उचलली की प्रत्येक वेळी. उचललेली प्लेट जुन्याच पेस्टवर परत ठेवली तर आत हवा अडकते.

काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा आणि मग बंद करा. प्लेट सरळ वर ओढू नका, आधी डावी-उजवीकडे हलकी पिळा. रायझनच्या जुन्या एएम४ सॉकेटवर (चिप बसते ती जागा) हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर चिप पिनांसकट उपटून येते. जुनी पेस्ट ९० टक्क्यांपेक्षा जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन थर सोडून जातं.

एएम४ आणि एएम५ वर मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब आणि चार कोपऱ्यांकडे चार छोटे ठिपके. इंटेलच्या १२व्या पिढीपासून चिप लांबट झाली आहे, तिथे लांबीच्या दिशेने एक रेघ किंवा फुली. थोडी जास्त झाली तर बाजूने बाहेर येते, तोटा होत नाही. कमी पडली तर कोपरे कोरडे राहतात. एलईडीच्या दुकानात मिळणारी स्वस्त पांढरी सिलिकॉन ग्रीस वापरू नका, ती या उष्णतेत लवकर सुकते.

स्क्रू फुलीच्या क्रमाने, एका वेळी दोनच फेरे. आणि एकदा नीट बघून घ्या: नव्या प्लेटवरचं पारदर्शक प्लास्टिक काढलंय ना? ते राहून जाण्याचे प्रकार आजही होतात.

जुना कूलर नव्या मदरबोर्डवर लावलाय? इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर आहे, आधीच्या ११५एक्स आणि १२०० वर ते ७५ होतं. उंचीही कमी झाली आहे. जुन्या खुंट्या कशातरी बसवल्या तर प्लेट पूर्ण टेकत नाही. एका कोरचा आकडा दुसऱ्यापेक्षा १५ अंशांहून जास्त असेल तर दाब एकीकडे कमी आहे असं समजा.

पेस्ट नवी, पंप ठीक, रेडिएटर स्वच्छ. तरी लोड देताच १०० अंश का?

मग चिप किती वॉट खातेय ते बघा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये सीपीयू पॅकेज पॉवर असा आकडा असतो. कोअर आय९-१४९००केची इंटेलने ठरवलेली कमाल मर्यादा २५३ वॉट आहे, पण कित्येक मदरबोर्ड ती बायोसमध्ये ४०९६ वॉट म्हणजे अमर्याद ठेवून येतात. चिप ३०० च्या पलीकडे जाते, आणि एवढ्याशा तुकड्यातून इतकी उष्णता बाहेर काढणं ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरलाही जमत नाही. दोष कूलरचा नसतो.

बायोसमध्ये इंटेलची मूळ सेटिंग निवडा, किंवा दोन्ही पॉवर लिमिट हाताने २५३ करा. मे महिन्यापुरतं १८० केलंत तर गेममध्ये फरक क्वचितच जाणवेल, तापमान मात्र चांगलंच उतरेल. १३व्या आणि १४व्या पिढीच्या मशीनवर सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतरचं बायोस टाकलेलं असायलाच हवं. जुन्या बायोसमध्ये जादा व्होल्टेजमुळे या चिप कायमच्या खराब होत होत्या.

रायझनवर वीज कमी घेणारा इको मोड आहे. १७० वॉट रेटिंगची चिप मूळची २३० वॉटपर्यंत घेते. इको मोडमध्ये १०५ निवडलंत तर १४२ आणि ६५ निवडलंत तर ८८ वॉटवर थांबते. पीबीओ (चिपला जास्त वीज आणि वेग देणारी सेटिंग) चालू असेल तर ते आधी बंद करून बघा.

सिनेबेंचमध्ये ठीक, फक्त गेम खेळताना तापतो. असं कसं?

ग्राफिक्स कार्डामुळे. ते २५०-३०० वॉट कॅबिनेटमध्येच सोडतं, आणि छताला लावलेला रेडिएटर तीच गरम हवा ओढून घेतो. बाजूचं झाकण काढून अर्धा तास तोच गेम खेळा. सीपीयू पाच अंशांहून जास्त उतरला तर कॅबिनेटमध्ये ताजी हवा कमी येतेय. पुढे दोन फॅन आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं तरी हवंच.

कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं असेल, तर आधी ते बाहेर काढा, बाकीचं नंतर. भिंतीपासून मागे वीतभर जागा सोडा.

खोलीतला कूलर कॅबिनेटकडे वळवला तर चालेल का?

एप्रिल-मेमध्ये इंदूरची हवा कोरडी असते, त्यामुळे जाळ्या ओल्या असलेला कूलर हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो आणि रेडिएटरला त्याचा पूर्ण फायदा मिळतो. पाणी साचेल ही भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही, कारण मशीनचे भाग त्या हवेपेक्षा गरमच असतात आणि गरम वस्तूवर दव धरत नाही.

धोका वेगळा आहे. कूलर जवळ असला की बारीक तुषार उडतात. टाकीत बोरिंगचं पाणी असेल तर ते सुकल्यावर मदरबोर्डवर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, आणि ते ओल धरतात. कूलर सहा-आठ फूट लांब ठेवा, तोंड थेट कॅबिनेटकडे नको, आणि खिडकी उघडी असू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच दमटपणा असतो, तेव्हा कूलरचा उपयोग नाही. नुसता पंखा लावा.

एआयओमध्ये पुन्हा पाणी भरता येतं का?

भरण्याचं झाकण मुद्दाम दिलेलं असेल तरच, आणि कंपनीने सांगितलेलंच द्रव. बाकीचे उघडू नका, वॉरंटी जाते आणि सील पुन्हा तसं बसत नाही. पाच-सात वर्षं चाललेला एआयओ तापू लागला आणि वरचं सगळं करून झालं असेल, तर नवा घ्या.

कस्टम लूपमध्ये कुठलं पाणी घालू?

तयार कूलंट, किंवा डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारं द्रव्य. नळाला नर्मदेचं पाणी असो की बोरिंगचं, दोन्हींत क्षार असतात. घरच्या आरओच्या पाण्यातही थोडे उरतात, आणि मिनरल कार्ट्रिज असेल तर ते परत मिसळले जातात. इन्व्हर्टरसाठी आणलेलं बॅटरीचं पाणी लूप धुवायला ठीक आहे, भरून ठेवायला नको, कारण प्रत्येक बाटलीची शुद्धता सारखी नसते. गाडीचं कूलंटही नको.

तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका. दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि तो गाळ ब्लॉकच्या फटीत जाऊन बसतो. दुधी किंवा चमकणारे रंगीत कूलंट दिसायला सुंदर, पण त्यांतले कण काही महिन्यांत खाली बसतात. तापमान हळूहळू चढत असेल आणि प्रवाह मंद दिसत असेल तर ब्लॉक उघडा, मऊ टूथब्रशने फटी घासा. ॲक्रिलिकच्या झाकणाला अल्कोहोल लावू नका, त्याला तडे जातात. वर्षातून एकदा पाणी बदला. पुन्हा भरल्यावर मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चोवीस तास चालवा, आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा.

गळती दिसली. आता?

भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर. चालू करून बघू नका. ओला भाग टिपून घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन दिवस पंख्याखाली सुकवा. कूलंट सुकलं तरी त्याचा थर वीज वाहतो, म्हणून नुसतं वाळवून भागत नाही. ग्राफिक्स कार्ड काढून त्याचा सॉकेटही तपासा, थेंब बहुतेक तिथेच उतरतात.

दुरुस्तीला न्यायचा आहे. काय तयारी करू?

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला नेत असाल किंवा ओळखीच्या दुकानात, आधी वरचे पाच आकडे, खोलीचं तापमान आणि पॅकेज पॉवर एका कागदावर लिहून न्या. दुकानात एसी असतो. तिथे २४ अंशांत मशीन अर्धा तास व्यवस्थित चालतं आणि "काही प्रॉब्लेम नाही" म्हणून परत येतं. तुमचा कागद असेल तर त्यांनाही वजाबाकी करता येते.

वॉरंटीसाठी जीएसटीचं बिल आणि पंपावरचा किंवा रेडिएटरवरचा सिरियल नंबर लागतो. त्याचा फोटो आधीच काढून ठेवा, कारण कूलर बसवल्यावर तो दिसत नाही. कूलर बदलून मिळणार असेल तर सॉकेटचे ब्रॅकेट आणि खुंट्या सोबत द्यायच्या की नाहीत हे विचारून घ्या.

जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं न्या, आणि कॅबिनेट रिक्षात सीटवर आडवं ठेवा, काचेची बाजू वर. घरी आणल्यावर ते उभं करून पंप पूर्ण वेगावर वीस मिनिटं चालू द्या, आणि मगच लोड द्या. वाटेतल्या हादऱ्यांनी सरकलेली हवा तेवढ्यात परत रेडिएटरमध्ये जाऊन बसते.